खरा माका कोणता?

देवकार्यास लागणारी द्रव्ये नावाने मागितली जातात आणि रूपाने ओळखावी लागतात. नाव पोथीत लिहिलेले असते. रूप शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी किंवा परसदारी शोधावे लागते. जोवर मागणारा आणि आणणारा एकाच घरातला, निदान एकाच गावातला होता, तोवर या दोहोंत अंतर पडत नसे. आता पत्री बाजारात विकत मिळते, जुडी बांधून मिळते, आणि जुडीत काय आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गणपतीला वाहावयाच्या एकवीस पत्रींत भृंगराज, म्हणजे आपला माका, येतो. त्याच महिन्याच्या वद्य पक्षात पितरांच्या श्राद्धातही माक्याचा पाला लागतो. म्हणजे एका महिन्यात दोनदा, एकदा देवासाठी आणि एकदा पितरांसाठी, हे साधे रोप आपल्या हाती येते. ते माक्याचेच असते काय, हा प्रश्न क्षुल्लक नाही. त्या प्रश्नाचा इतिहासही बराच लांबचा असून तो मराठी मुलखाच्या पूर्व टोकापासून कोंकणी समाजाच्या दक्षिण टोकापर्यंत पसरलेला आहे. तो येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

प्रथम माक्याचे कुळ पाहू. इंग्रज लोक ज्यांना डेझी म्हणतात ती फुले, आपली शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्याच्या अखेरीस पिवळी चादर पसरणारी सोनकी ही सारी एकाच कुळातली. या कुळाचे वैशिष्ट्य असे की, ज्याला आपण एक फूल म्हणतो ते वस्तुतः पुष्कळ बारीक फुलांचे संमेलन असते. मधल्या चकतीत नळीसारखी बारीक फुले दाटीने बसलेली असतात. त्यांना बिंबपुष्पे म्हणतात. कडेने जिभलीसारखी जी दिसतात तीही पाकळ्या नसून स्वतंत्र फुले होत. त्यांना किरणपुष्पे म्हणतात. या सर्व मेळाव्यास स्तबक असे नाव आहे. कुळातील बहुतेक झाडांचा साचा हाच असल्यामुळे एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा दिसतो, आणि ओळखणाऱ्याची फसगत होते. भेद पाहावयाचा तो तीन ठिकाणी : कडेच्या किरणपुष्पांची संख्या व आकार, स्तबकाच्या देठाची लांबी, आणि फूल झडल्यावर उरणारे बी. या तीन खुणा ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढील सर्व विवेचन सुकर होईल.

आता पूर्व टोकाकडे वळू. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून, लांजी हे जुने गाव आहे. तेथे किल्ला आहे, लांजकाई देवीचे ठाणे आहे आणि कोटेश्वर महादेवाचे प्राचीन देऊळ आहे. रतनपूरच्या कलचुरी घराण्यातील पहिल्या जाजल्लदेवाच्या सन १११४ च्या शिलालेखात त्याला कर देणाऱ्या मंडलांची नावे दिली आहेत. त्यांत वैरागर आणि भाणार यांच्या जोडीला लांजिका हे नाव येते. भाणार म्हणजे आजचे भंडारा, आणि लांजिका म्हणजे आपली लांजी. पुढे हा प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखाली आला. यादव रामचंद्राच्या काळचा शिलालेख लांजीस मिळाला आहे. त्यानंतर गोंड राजे आले, नागपूरकर भोसले आले, आणि १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अंमल आला. १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे काढून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. लांजी अशा रीतीने सीमेपलीकडे पडली.

राज्यांच्या सीमा बदलल्या तरी भाताची खाचरे आणि त्यांचे बांध बदलले नाहीत. बाघ नदीच्या अलीकडे व पलीकडे तीच ओल, तेच तळ्यांचे पाणी आणि तीच धानाची शेती. त्या ओलीत, बांधाच्या कडेला, पाटाच्या तोंडाशी माका उगवतो. मराठी बोलणारा त्याला माका म्हणतो, हिंदी बोलणारा भांगरा किंवा भंगरैया म्हणतो. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृतात आहे. अमरकोशाने मार्कव आणि भृंगराज हे पर्याय एकत्र दिले आहेत. त्यांपैकी मार्कव झिजून माका झाला आणि भृंगराज झिजून भांगरा झाला. ज्या सीमेवर मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात तेथे एकाच रोपाला त्याच्या दोन्ही संस्कृत नावांचे वंशज लाभावेत, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकालाही रुचेल.

तथापि याच खाचरांत घोटाळ्याचे पहिले कारणही उगवते. मध्य भारतातील पाणथळ भातशेतांत एक दुसरी वनस्पती विपुल होते. वनस्पतिशास्त्रात तिला सीसुलिया ॲक्झिलॅरिस म्हणतात; रॉक्सबर्गने कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात १७९८ मध्ये तिचे वर्णन केले. तीही याच कुळातली आणि याच देशातली, आणि गंमत अशी की मराठीत तिलाही माका हेच नाव आढळते. परंतु तिची पाने लांबट व अरुंद असतात, आणि फुलांचे गेंद देठाशिवाय पानांच्या बगलेत घट्ट चिकटून बसतात. त्यांचा रंग पांढरा किंवा किंचित निळसर जांभळा असतो, आणि माक्यासारखी किरणपुष्पांची झालर त्यांना मुळीच नसते. खऱ्या माक्याचे स्तबक बारीक देठावर बगलेबाहेर डोकावते. शेतात पाय रोवून उभा राहणारा माणूस हा भेद क्षणात सांगू शकतो. केवळ नावावर विसंबणाऱ्याला तो कळणे कठीण.

प्राचीन वैद्यांना नावांतील ही अडचण ठाऊक होती. निघंटू रचण्याचा सारा खटाटोप त्यासाठीच होता. एका द्रव्याची अनेक नावे द्यावयाची, आणि प्रत्येक नावात एकेक खूण गुंफावयाची. भावप्रकाशात माक्याला केशरंजन म्हटले आहे, कारण त्याचा रस केस काळे करण्यास वापरतात. नरहरीच्या राजनिघंटूत आणखी एक पायरी ओलांडली आहे. तेथे भृंगराजाचे तीन प्रकार सांगितले आहेत : पांढऱ्या फुलांचा, पिवळ्या फुलांचा आणि निळ्या फुलांचा. पांढरा तो आपला नेहमीचा माका. पिवळ्याला स्वर्णभृंगार असे नाव देऊन त्याच्या पर्यायांत हरिप्रिय, देवप्रिय, वंदनीय आणि पावन अशी नावे घातली आहेत. यावरून देवपूजेशी त्याचा संबंध निघंटुकाराला मान्य होता असे म्हणावयास हरकत नाही. निळ्या भृंगराजाविषयी मात्र वैद्यांत एकमत झालेले नाही.

यादवकाळाचा उल्लेख वर आला आहे, त्या संदर्भात एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. महादेव आणि रामचंद्र या दोन्ही यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने चतुर्वर्गचिंतामणी हा धर्मशास्त्राचा महाग्रंथ रचला आणि त्यात श्राद्धाचा विस्ताराने विचार केला. त्याच हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नावाची टीकाही लिहिली. व्रतवैकल्यांचे व श्राद्धाचे नियम सांगणारा आणि औषधींचे गुण सांगणारा पुरुष एकच होता. पूजेतील वनस्पती वेगळी आणि औषधातील वेगळी, अशी फारकत त्या काळच्या विद्वानास सुचणेही शक्य नव्हते. पूजेपुरते काहीही हिरवे चालते, ही समजूत अलीकडची आहे आणि तिला परंपरेचा आधार नाही.

लांजीच्या शेतांतून आता आपण एकदम दक्षिणेस कोचीकडे जातो. याचे कारण असे की, पांढरा आणि पिवळा माका यांचा भेद चित्र काढून, वर्णन लिहून, छापील ग्रंथात प्रथम नोंदला गेला तो कोचीत झालेल्या कामामुळे; आणि त्या कामात आपल्या कोंकणी समाजातील तीन वैद्यांचा मोठा वाटा होता. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील देवळांवर संकट ओढवले तेव्हा कित्येक कुटुंबे आपली दैवते घेऊन दक्षिणेकडे गेली आणि कर्नाटक व मलबारच्या किनाऱ्यावर स्थिरावली, हे वाचकांस सांगावयास नको. कोचीस त्यांनी वसाहत केली, देऊळ बांधले, व्यापार आणि विद्या दोन्ही जतन केली. १६६३ मध्ये डचांनी कोची पोर्तुगीजांकडून घेतली. पुढे हेंड्रिक व्हान ऱ्हीड हा डच अधिकारी मलबारचा प्रमुख झाला आणि त्याने त्या प्रदेशातील वनस्पतींचा ग्रंथ करविण्याचे काम हाती घेतले. हाच तो हॉर्टस मलबारिकस, म्हणजे मलबारचे उद्यान. त्याचे बारा खंड ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाले.

या ग्रंथाच्या पाठीशी देशी विद्या उभी होती. इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य आपल्या घराण्यातील पोथ्यांसह कामास आला. त्याच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. या तिघांनी दिनांक २० एप्रिल १६७५ रोजी एक साक्षपत्र लिहून दिले. ते कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत असून ग्रंथाच्या पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. नागरी लिपीतील मजकूर छापून प्रसिद्ध झाल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. त्यात ते सांगतात की, आपल्याजवळील महानिघंटू या ग्रंथाच्या आधारे वृक्ष, वेली, फुले, फळे, बिया यांची नावे व गुण आम्ही दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ येऊन सांगितले. आपल्या कामाला नावानिशी जबाबदार राहणे यालाच म्हणतात. त्या काळी युरोपात छापल्या जाणाऱ्या अनेक ग्रंथांत पूर्वेकडील वनस्पतींची माहिती ऐकीव असे. येथे ती सांगणाऱ्यांनी स्वाक्षरी करून सांगितली. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी केला आणि केरळ विद्यापीठाने तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यामुळे हे सर्व आज सामान्य अभ्यासकालाही पाहता येते.

ग्रंथाच्या दहाव्या खंडात आपला माका कय्योन्नी या मलयाळी नावाने आला आहे. त्याच्या लगत दुसऱ्या चित्रात पिवळा माका आहे, आणि त्याचे नाव पे कय्योन्नी असे दिले आहे. मलयाळीत ‘पे’ हा शब्द रानटी किंवा वेड्या झाडाला लावतात. म्हणजे दोन्ही रोपे जवळची, पण एक नव्हेत, हे नावातच सांगून टाकले आहे. चित्रकाराने दोन्ही स्वतंत्र रेखाटली, आणि वाचकाला पाने, देठ व फुले ताडून पाहता यावीत अशी सोय केली.

स्वीडनमधील लिनिअसने १७५३ मध्ये जगातील वनस्पतींची नवी नावे ठरविली तेव्हा या दोघांना व्हर्बेसिना या एकाच प्रजातीत ठेवून वेगवेगळ्या जाती मानले. पुढे १७७१ मध्ये त्याने पांढऱ्या माक्यासाठी एक्लिप्टा ही वेगळी प्रजाती केली. हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ उणे असणे असा आहे. या कुळातील पुष्कळ झाडांच्या बियांवर शेंडीसारखा रोमांचा झुबका असतो. माक्याच्या बीला तो नसतो, म्हणून हे नाव. एका परकीय पंडिताने ठेवलेल्या नावातही ओळखीची खूणच दडलेली आहे, हे ध्यानात घ्यावे. परंतु लिनिअसने येथे उलट दिशेची चूकही केली. दाटीत वाढणारा माका उभा राहतो आणि मोकळ्या ओल्या जागी तोच जमिनीवर पसरतो. या दोन अवस्थांना त्याने दोन जाती समजून दोन नावे दिली. त्यामुळे जुन्या औषधी ग्रंथांत एक्लिप्टा आल्बा, एक्लिप्टा इरेक्टा आणि एक्लिप्टा प्रोस्ट्राटा अशी नावे दिसतात. ती सर्व एकाच माक्याची होत, आणि आज प्रोस्ट्राटा हे नाव ग्राह्य धरतात. दोघांना एक समजणे ही जशी चूक, तशी एकाला दोन समजणे हीही चूकच.

पिवळ्या माक्याला पूर्वी वेडेलिया म्हणत. आता स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया म्हणतात. निघंटुकाराने त्याला भृंगराजाचा भाऊ मानले, यात तथ्य होते असे पुढे रसायनशास्त्रानेही दाखविले. १९५६ मध्ये मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी व त्यांचे सहकारी यांनी पिवळ्या माक्यातून वेडेलोलॅक्टोन हे द्रव्य वेगळे करून त्याची घटना सिद्ध केली. तेच द्रव्य पांढऱ्या माक्यातही सापडते. फुलांचा रंग निराळा, पण घरचे गुण समान. हे केवळ डोळ्यांनी पाहून आणि वापरून ज्यांनी ताडले, त्यांच्या निरीक्षणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आजचा घोटाळा मात्र या देशी भावंडांमुळे झालेला नाही. तो दोन परदेशी पाहुण्यांमुळे झाला आहे. पहिली एकदांडी. हिलाच कोठे दगडी पाला, कोठे जखमजोडी म्हणतात. ही उष्ण अमेरिकेतली वनस्पती. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. आज ती रस्त्याच्या कडेला, कौलांवर, देवळाच्या तटाच्या फटीत, कोरड्या माळावर, जेथे दृष्टी जाईल तेथे दिसते. जखमेवर तिचा रस लावण्याचा प्रघात आहे आणि त्या उपयोगाबद्दल तिचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु पत्री गोळा करणारा शहराच्या आसपास फिरतो. तेथे ओलीची जागा उरलेली नाही, आणि माका मिळत नाही. एकदांडी हवी तितकी मिळते. तिची दातेरी पाने जुडीत बांधली की ती माका म्हणून खपते.

दुसरी पाहुणी बागेतली पिवळी वेल. ही पिवळ्या माक्याचीच अमेरिकन बहीण, स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. शोभेसाठी लावलेली ही वेल जमीन गच्च झाकून टाकते आणि तिच्याखाली दुसरे काही उगवू देत नाही. पुष्कळ ठिकाणी देवळांच्या आवारातही ती हौसेने लावलेली असते. जेथे हरिप्रिय स्वर्णभृंगार वाढावयाचा, तेथे ही त्याच्या रूपात पसरून बसते. आणि पाहणाऱ्यास पिवळे फूल दिसत असल्यामुळे काही बदलले असे वाटत नाही.

तेव्हा ओळखीच्या खुणा एकदा स्पष्ट सांगितलेल्या बऱ्या. खरा माका ओलसर जागी उगवतो. त्याचे खोड बहुधा तांबूस असून त्यावर बारीक पांढरे केस अंगाशी चिकटलेले असतात. पाने समोरासमोर, लांबट, जवळजवळ बिनदेठाची आणि हाताला खरखरीत लागतात. फूल बोटाच्या नखाहून लहान, पांढरे. त्याच्या कडेची किरणपुष्पे पुष्कळ आणि केसांसारखी बारीक. फूल झडल्यावर हिरवी वाटी उरते आणि तिच्यात बिया दाटीने बसलेल्या असतात; त्यांवर रोमांची शेंडी नसते, म्हणून त्या वाऱ्याने उडत नाहीत. शेवटची आणि सर्वांत सोपी कसोटी हाताची. ताजे पान तळहातावर चुरडावे. थोड्याच वेळात रस काळपट होतो आणि हातावर डाग राहतो.

पिवळा माका जमिनीलगत सरपटतो आणि पेऱ्यापेऱ्यांवर मुळे धरतो. त्याचे पिवळे फूल लांब देठावर एकेकटे येते, आणि पाने लांबट, अखंड किंवा किंचित दातेरी असतात. बागेतल्या अमेरिकन वेलीची पाने बहुधा तीन खंडांची व तकतकीत असतात. पानाकडे पाहिले की दोघांतील फरक कळतो. एकदांडी कोरड्या जागी सुखाने वाढते. तिच्या नावाप्रमाणे फूल एकाच उंच, उघड्या दांड्यावर येते. तो दांडा वीतभर किंवा त्याहून लांब असतो. मधली चकती पिवळी, कडेची किरणपुष्पे साधारण पाच, रंगाने दुधी पिवळट आणि टोकाला तीन दाते असलेली. फूल पिकले की पांढऱ्या रोमांचा गोंडा होतो आणि फुंकर घालताच बिया उडून जातात. तिचा रस माक्याच्या रसासारखा काळा पडत नाही. ज्याने एकदा ही दोन्ही रोपे शेजारी ठेवून पाहिली, तो पुन्हा फसणार नाही.

कोणी म्हणेल, देव भावाचा भुकेला आहे. पान कोणते हे तो पाहत नाही. हे वचन खरे आहे, परंतु ते देवाच्या औदार्याविषयी आहे. आपल्या दुर्लक्षाचे समर्थन त्यातून निघत नाही. ज्या वस्तूचे नाव घेऊन आपण संकल्प करतो ती वस्तू हातात आहे की नाही हे पाहणे हा भावाचाच एक भाग होय. शिवाय येथे केवळ पूजेचा प्रश्न नाही. माक्याची जागा एकदांडीने घेतली तर माक्याला मागणी उरत नाही. मागणी नाही म्हणून तो ओळखणारा उरत नाही. आणि ओळखणारा नाही म्हणून ओढ्याकाठची ओल बुजविली जाते तेव्हा काय गेले हे कोणाला कळत नाही. औषधाच्या बाबतीत तर परिणाम याहून प्रत्यक्ष आहे, कारण तेथे चुकीच्या पानाला भावाची पुण्याई वाचवू शकत नाही.

उपाय फारसा खर्चाचा नाही. प्रत्येक देवळाला विहीर, तळी किंवा निदान हातपाय धुण्याची जागा असते. तेथून वाहून जाणारे पाणी जेथे मुरते तेथे माक्याचे बी टाकले तर तो सहज रुजतो, आणि चतुर्थीपासून पितृपक्षापर्यंत पुरून उरतो. शोभेची वेल काढून त्या जागी देशी पिवळा माका लावावा. पाठशाळेत पत्रींची नावे मुलांकडून पाठ करून घेतात, तेव्हा त्यांना ती पाने हातात देऊन चुरडून दाखवावीत. लांजीकडील धानाच्या बांधावर शेतकऱ्याचा जो डोळा चालतो, आणि कोचीच्या त्या तीन वैद्यांनी जो डोळा नागरी अक्षरांत साक्षीला ठेवला, तोच पुढच्या पिढीला देणे आहे. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. बांधापर्यंत जाणे, खाली वाकणे आणि पान खुडून पाहणे एवढे पुरे आहे.